सिस्टिम जोडली, पण आकडा कोणता पोचतोय?
पुरवठादाराशी संगणकाची सिस्टिम जोडली की लहान उद्योगाची कामगिरी आपोआप सुधारते, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. ऑर्डर ईडीआय किंवा एपीआयने (म्हणजे एका संगणकातून थेट दुसऱ्यात) गेली की टायपिंगच्या चुका टळतात, वेळ वाचतो, एवढंच. खरा फायदा प्रत्यक्ष विक्रीचा आकडा पुरवठा साखळीत मागपर्यंत, म्हणजे दुकानापासून कारखान्यापर्यंत, पोचला तरच. एमआयटीचे प्रा. फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं की मागणीतला छोटा चढउतार मागे जाताना फुगत जातो. प्रत्येक जण फक्त पुढच्याची ऑर्डर बघतो, आणि माल कमी पडेल या भीतीने थोडा जास्तच मागवतो! लहान उद्योगाचं खेळतं भांडवल नेमकं त्या जादा साठ्यात अडकतं. शिवाय प्रत्येक मोठा ग्राहक स्वतःचं पोर्टल लादतो, म्हणजे तीच माहिती चार ठिकाणी भरा. म्हणून आधी वस्तूंचे कोड एकसारखे करा. जीटीआयएन, म्हणजे प्रत्येक वस्तूचा जगभर एकच असा बारकोडमधला क्रमांक, त्यासाठीच आहे.