अमेरिकी न्यायालयाचा न लिहिलेला अधिकार

राजारामपुरीकर: कोल्हापुरातील आमच्या अभ्यासमंडळात वाद झाला. कायदा घटनाबाह्य ठरविण्याचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला कोणत्या कलमाने मिळाला?

पंचगंगाकाठ: स्पष्टपणे कोणत्याही नाही. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी तो संविधानाच्या सर्वोच्चतेवरून अनुमानाने काढला. आधीच्या सरकारने नेमलेले मार्बरी आपले अडवून ठेवलेले नियुक्तिपत्र मागत होते. त्यांचा हक्क मान्य केला, पण ज्या कायद्यान्वये ते थेट सर्वोच्च न्यायालयात आले ती तरतूदच रद्द ठरविली. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या सरकारला धुडकावण्याजोगा आदेशच उरला नाही. चतुराई म्हणावी ती हीच!

विधी विद्यार्थिनी: कल्पना मात्र मार्शल यांची नव्हे, अमेरिकी संविधानाचे पुरस्कर्ते हॅमिल्टन यांनी १७८८ मध्येच तसा युक्तिवाद केला होता. आपल्याकडे मूलभूत हक्कांपुरते कलम १३ ते स्पष्टच सांगते.