मदत हवी आहे: एमपीएससी करणाऱ्या मुलांचं 'रोल फंक्शनिंग' कसं मोजता?

नमस्कार मंडळी,

मी मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे. सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचा) धोका दिसतोय, पण आजार अजून सुरू झालेला नाही, अशी तरुण मुलं आमच्याकडे येतात. त्यांचं रोजचं जगणं नोंदवायला मी ग्लोबल फंक्शनिंगच्या सोशल आणि रोल या दोन स्केल वापरते. दोन्हींत १ ते १० गुण. सध्याची पातळी, शिवाय गेल्या वर्षातली सर्वांत खालची आणि सर्वांत वरची. जीएएफ या एकत्रित स्केलमध्ये लक्षणं आणि कामकाज एकाच आकड्यात मिसळतात, तसं इथे होत नाही.

अडतंय ते रोलपाशी. त्यात शिक्षण, नोकरी किंवा घर सांभाळणं धरलं जातं. आता पुण्यात राहून एमपीएससी करणारा मुलगा घ्या (एकच असा कुणी नाही, असे बरेच येतात). कॉलेज संपलंय, हजेरी नाही, वर साहेब नाही. अभ्यासिकेत जागा आहे, मेस लावलीय, घरून पैसे येतात. महिनाभर तेच पान उघडून बसला तरी कुणाला पत्ता लागत नाही. घरी विचारलं तर "अभ्यास करतोय की" एवढंच उत्तर. पूर्व परीक्षा निघाली नाही यावरूनही काही ठरत नाही, बहुतेकांची निघतच नाही.

मी सध्या टेस्ट सिरीजचे पेपर दिले का, आधी दिवसाला किती वाचून व्हायचं आणि आता किती होतं, असं खोदून विचारते. पण त्यावरून ६ द्यायचे की ४, इथे माझं आणि सहकाऱ्याचं जुळत नाही.

बारावीनंतर घरी असलेल्या मुलींचंही तसंच. "तिला जमत नाही" म्हणून आईने कामं सांगणंच सोडलेलं असतं. स्केलमध्ये मिळणारा आधार लक्षात घ्यायचा असतो हे माहीत आहे, पण न सांगितलेल्या कामाचे गुण कसे द्यायचे?

आकड्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. कार्म्स या सायकोसिसचा धोका ठरवणाऱ्या मुलाखतीच्या निकषांत सोफास (फक्त सामाजिक आणि कामातल्या कामकाजाचा गुण) ३० टक्क्यांनी घसरून महिनाभर तसाच राहिला का, हे पाहतात. शिवाय यातल्या बऱ्याच मुलांना पुढे सायकोसिस होत नाही, तरी त्यांचं शिक्षण, मैत्र्या मागे पडलेल्या राहतात. ती मुलं नजरेतून निसटू नयेत असं फार वाटतं.

तर, अशा मुलांसाठी तुम्ही ठरलेले प्रश्न वापरता का? आणि मुलाची परवानगी घेऊन रूममेटशी कुणी बोलतं का? बोलत असाल तर नेमकं काय विचारता?