मदत हवी आहे: दोन मिनिटं उरलीत, आपण पुढे आहोत, मग पास कशाला?

जर्सीकर_बाबा:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. अमेरिकन फुटबॉल कळणारं कुणी आहे का इथे? गुरुवारी इथे न्यू जर्सीत लेकाच्या शाळेच्या टीमची मॅच होती. 20-16 ने पुढे, बॉल आमच्याकडे, घड्याळात 2:05. आणि कोचने पास टाकायला लावला! पास पडला, मग पंट (लाथ मारून बॉल समोरच्यांकडे), मग समोरच्यांचा टचडाऊन. 20-23 ने हरलो. पोरगा धड जेवला नाही. सरळ बॉल हातात घेऊन लगेच गुडघा टेकून वेळ संपवता आला असता ना? उद्या सकाळी कोचला गाठणार आहे, त्यामुळे हिशेब मांडून सांगा. 'हारजीत चालायचीच' वगैरे नको.

ईगल्सवेडा:
समोरच्यांकडे टाइमआउट (घड्याळ थांबवायच्या संधी) किती शिल्लक होते? त्याशिवाय हिशेब होणार नाही.

मैदानी_काका:
मुळात या खेळात मुलाला घातलंतच कशाला? डोक्याला मार बसतो. टेनिसला घाला.

जर्सीकर_बाबा:
काका, तो प्रश्न त्याच्या आईने विचारून झालाय. टाइमआउट होते बहुतेक दोन. त्याने काय फरक पडतो?

ईगल्सवेडा:
सगळा फरक त्यानेच पडतो हो. एक डाऊन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) संपला की पुढचा सुरू करायला 40 सेकंद मिळतात आणि बॉल मैदानात अडला असेल तर घड्याळ चालूच राहतं. म्हणजे समोरच्यांचा एक टाइमआउट = तुमचे 40 सेकंद. त्यांच्याकडे एकही नसता, तर तीन वेळा गुडघा टेकून साधारण 126 सेकंद गेले असते. तुमचे 125 होते, मॅच संपली असती. दोन असताना पहिल्या दोन गुडघ्यांना दोन-दोनच सेकंद जातात, तिसऱ्यानंतर 40. म्हणजे 1:19 ला चौथा डाऊन आणि पंट आलाच. कोचने गुडघा टेकवला नाही यात त्याची चूक नाही.

डॅलसवाली:
आणि टू मिनिट वॉर्निंगला घड्याळ थांबतं ते कुठे धरलंत?

ईगल्सवेडा:
ते एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये. शाळेच्या मॅचला ती भानगड नसते.

डॅलसवाली:
आमच्या टेक्ससमध्ये शाळाही कॉलेजच्या नियमांनी खेळतात, सगळं एकाच मापाने मोजू नका. बॉल रेषेबाहेर गेला तरी शेवटची दोन मिनिटं सोडली तर रेफरीच्या खुणेनंतर घड्याळ परत सुरू होतं. न्यू जर्सीत पुढच्या स्नॅपपर्यंत, म्हणजे बॉल परत खेळात येईपर्यंत थांबतं.

जर्सीकर_बाबा:
टेक्ससचं राहू द्या. म्हणजे पास बरोबर होता?

ईगल्सवेडा:
कितव्या डाऊनला टाकला?

जर्सीकर_बाबा:
दुसऱ्या.

ईगल्सवेडा:
मग माझ्या मते चूक. कुणी न झेललेल्या पासला घड्याळ थांबतं, म्हणजे समोरच्यांना फुकटचा टाइमआउट. तिन्ही वेळा मैदानातच पळवला असता तर सहा-सहा सेकंद आणि शेवटचे 40 धरून 1:07 ला पंट आणि त्यांचे टाइमआउट शून्य. तुमचा पंट किती वाजता झाला?

आकडेमोड्या:
असहमत. तीन वेळा मधूनच घुसवायचा, तर समोरचे अकराही जण तिथेच येऊन उभे राहतात. एक फर्स्ट डाऊन (दहा यार्ड पूर्ण करून नवे चार डाऊन) मिळाला असता तर मॅच तिथेच संपली असती. त्यासाठी पास टाकणं भित्रेपणापेक्षा बरं.

ईगल्सवेडा:
अटलांटाला विचारा. फेब्रुवारी 2017 चा सुपर बोल (एनएफएलची अंतिम मॅच), पॅट्रिअट्सविरुद्ध 28-3 ने पुढे होते. शेवटी 28-20 असताना बॉल पॅट्रिअट्सच्या 22 यार्डांवर. तिथून नुसता पळवून फील्ड गोल (लाथेने तीन गुण) मारला असता तरी अकराची आघाडी. पास टाकायला गेले, क्वार्टरबॅक (पास टाकणारा) 12 यार्ड मागे अडवला गेला, वर होल्डिंगच्या दंडाचे 10. शेवटी पंट, आणि ओव्हरटाइममध्ये 34-28 ने हरले.

आकडेमोड्या:
आणि नुसतं पळवण्याच्या नादात 1978 मध्ये तुमच्याच जर्सीत काय झालं? जायंट्स ईगल्सविरुद्ध 17-12 ने पुढे, 31 सेकंद, ईगल्सकडे टाइमआउट नाही. जायंट्सने गुडघा टेकायचा सोडून बॉल हातात द्यायला घेतला, तो सांडला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने उचलून 26 यार्ड पळवला.

ईगल्सवेडा:
अहो, तो तर गुडघा टेकण्याच्या बाजूचा दाखला आहे! आणि आमचा सर्वात आवडता दिवस आहे, धन्यवाद.

सातारी_रेडर:
अवांतर: आमच्याकडे कबड्डीत हेच. पुढे असलो की निदान रेषा ओलांडायची, 30 सेकंद खायचे, परत यायचं. फक्त तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. तुमचा चौथा डाऊन तसाच वाटतोय.

मैदानी_काका:
कबड्डीला घाला मग.

जर्सीकर_बाबा:
आत्ता व्हिडिओ पाहिला. पंट 1:48 ला, त्यांच्याकडे अजून एक टाइमआउट होता. हे कसं?

ईगल्सवेडा:
पास पडला तेव्हा घड्याळ एकदा थांबलं. तिसऱ्यानंतर त्यांनी एक वापरला असेल. मग पहिल्या डाऊननंतर कशाने थांबलं? पळणारा रेषेबाहेर गेला का? तसं असेल तर दोष एकट्या पासचा नाही. 1:07 च्या जागी 1:48, म्हणजे 41 सेकंद हातचे गेले आणि त्यांचा एक टाइमआउट वाचला, तो दोन्ही मिळून. कडेला पोचलं की खाली बसायचं असतं. 2007 मध्ये ईगल्सचा वेस्टब्रुक डॅलसविरुद्ध चक्क एक यार्डावर बसला, टचडाऊन सोडून, कारण त्यानंतर डॅलसला बॉल मिळणारच नव्हता. पळत कोण होतं?

जर्सीकर_बाबा:
मुलगाच होता. चार यार्ड जास्त मिळवायला बाहेर गेला म्हणतोय.

डॅलसवाली:
मग उद्या कोचकडे जाताय?

जर्सीकर_बाबा:
नाही. पोरालाच आधी बसवतो समोर.

नवा_सदस्य:
धागा वाचला नाही, पण टाइमआउट किती होते?