कुत्र्यांना येणारी आकडी : आपापले अनुभव लिहा

निवडुंग

परवा सांगलीच्या बसस्थानकाबाहेर एका भटक्या कुत्रीला आकडी आली. ती कुशीवर पडून चारही पाय मारत होती, तोंडातून फेस येत होता. भोवती जमलेल्यांपैकी काही जण 'पिसाळली आहे, दगड घाला' असे ओरडत होते, तर एक गृहस्थ चप्पल काढून तिच्या नाकाशी धरत होते. सगळ्यांना मागे सरकवून आम्ही दोघांनी तिच्याभोवती जागा मोकळी केली. थोड्या वेळाने ती धडपडत उठली आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेली. हे पाहून मला आमच्या बंड्याची फार आठवण आली, म्हणून हा धागा काढते आहे.

बंड्या लॅब्रॅडॉर होता आणि तीन वर्षांचा असताना त्याला पहिली आकडी आली. पहाटे फरशीवर नखे घासल्याचा आवाज आला म्हणून उठले, तर तो ताठ झालेला, मान मागे वळलेली, जबडा आपटत होता आणि अंगाखाली लघवी झाली होती. झटके थांबल्यावर तो घरभर फिरत राहिला. दाराच्या चौकटीला धडकत होता, हाक मारली तरी ओळख दाखवत नव्हता आणि अन्न दिसताच त्यावर अक्षरशः तुटून पडला. मला वाटले की त्याची दृष्टी कायमची गेली. संध्याकाळपर्यंत तो पूर्ववत झाला. डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले ते, आकडी किती मिनिटे टिकली आणि त्या आधी तो काय करत होता. रक्तातली साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंडे यांच्या तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा त्यांनी सांगितले की 6 महिने ते 6 वर्षे या वयात सुरू झालेली आणि दुसरे कारण न सापडणारी आकडी बहुतेक वेळा जन्मजात प्रवृत्तीच्या अपस्माराची असते आणि लॅब्रॅडॉर, बीगल, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत ती जास्त आढळते.

आपल्याकडे या विषयावर मराठीत फार थोडे लिहिलेले सापडते. ज्यांनी हे घरात पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आजोळ

धाग्याबद्दल मनापासून आभार, निवडुंगताई. चप्पल, कांदा, हातात किल्ली देणे, हे सर्व लोक माणसांच्या बाबतीत करतात तसेच कुत्र्यांच्या बाबतीतही करतात आणि त्यातल्या कशानेही आकडी थांबत नाही. ती आपली आपणच थांबते, पण लोकांना वाटते की चपलेने थांबली. त्याहून धोक्याचा समज म्हणजे कुत्रा जीभ गिळेल हा. कुत्रा जीभ गिळत नाही. जीभ ओढायला तोंडात बोटे घातली तर त्या क्षणी त्याचा जबडा त्याच्या ताब्यात नसतो, आणि घरातल्या सर्वांत मायाळू कुत्र्याकडूनही हाडापर्यंत चावा बसतो. तोंडात पाणीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. आम्ही एवढेच करायचो, की डोक्याखाली घडी घातलेली गोधडी सरकवायची, टेबल-खुर्च्या बाजूला घ्यायच्या, जिन्याचे दार लावायचे, दूरचित्रवाणी आणि दिवे बंद करायचे आणि घड्याळाकडे पाहत बसायचे. त्या वेळी एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते, म्हणून अंदाजावर विसंबू नये.

पशुवैद्य_रत्नागिरी

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. आजोळ यांनी लिहिलेले सर्व योग्य आहे; त्यात वेळेच्या मर्यादा जोडतो. एक आकडी साधारणपणे एक-दोन मिनिटांत संपते. ती 5 मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा पहिलीतून कुत्रा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू झाली, तर तो जिवावरचा प्रसंग समजून त्याच क्षणी दवाखान्याकडे निघावे. 24 तासांत दोन किंवा अधिक आकड्या आल्या तरी त्याच दिवशी दाखवावे, मग मधल्या वेळात कुत्रा कितीही ठणठणीत दिसो. दीर्घ आकडीत स्नायूंच्या हालचालीने अंगाचा ताप 105 अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ शकतो आणि तो ताप स्वतःच मेंदूला इजा करतो. नेताना पोटाला, काखेत आणि तळव्यांना साधे पाणी लावावे, गाडीची खिडकी उघडी ठेवावी, बर्फ लावू नये.

शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने मोबाइलवर चित्रण करावे. मला दाखवलेल्या चित्रणांपैकी काही आकडीची नसतातच. हृदयविकाराने भोवळ येऊन पडलेला कुत्रा सहसा शिथिल पडतो आणि काही क्षणांत उठून नेहमीसारखा चालू लागतो, त्याला नंतरचा गोंधळलेला काळ नसतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा तोल अचानक गेला, मान एका बाजूला झुकली आणि बुबुळे डावी-उजवीकडे थरथरू लागली, तर तो बहुधा आतल्या कानाशी संबंधित तोलाचा विकार असतो. अशा वेळी तो शुद्धीवर असतो. बुलडॉग आणि डॉबरमनमध्ये फक्त डोके हलत राहते आणि हाक मारली किंवा खाऊ दाखवला की थांबते, तेही वेगळे. तोंडी वर्णनावरून हे भेद करणे मला फार अवघड जाते, चित्रणावरून बरेच सोपे होते.

रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दल : रेबीजमध्येही झटके येतात, त्यामुळे अनोळखी कुत्र्याच्या लाळेला उघड्या हाताने स्पर्श करू नये. परंतु रेबीज झालेला कुत्रा झटक्यांनंतर पूर्ववत होत नाही. त्याचे वागणे बदललेले, आवाज घोगरा, जबडा लोंबलेला असतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर साधारण 10 दिवसांच्या आत तो मरतो. सांगलीची कुत्री उठून चालत गेली यावरून तिला रेबीज नव्हताच असे ठामपणे म्हणता येणार नाही, मात्र नुसत्या फेसावरून कोणाला पिसाळलेले ठरवून दगड मारणे सर्वस्वी चूक आहे. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी.

मांजराकाठ

आमचा अनुभव अपस्माराचा नाही, पण शेतकऱ्यांनी वाचावा म्हणून लिहितो. आमच्या लातूर भागात 2022 च्या खरिपात सोयाबीनवर गोगलगायींचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि बांधाबांधावर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पडल्या. या गोळ्यांत गोगलगायींना आकर्षित करणारा खाद्याचा भाग असतो आणि तोच वास कुत्र्यालाही ओढतो. आमच्या वाघ्याच्या अंगाला आधी बारीक थरथर सुटली. दार वाजले किंवा कोणी हात लावला की ती वाढायची, अंग तव्यासारखे तापले होते, आणि पुढे झटक्यांमागून झटके आले. डॉक्टरांनी गुंगीचे औषध शिरेतून देऊन त्याला सलाइनवर ठेवले आणि तो वाचला, याचे मोठे कारण असे की घरच्यांनी गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत नेले होते. आकडी येणारे जनावर म्हटले की घरात अंगारे-धुपारे सुरू होतात. त्याऐवजी आधी गोठ्यात, शेतात आणि कोनाड्यात काय उघडे पडले आहे ते पाहावे. गाई-म्हशींच्या गोचिडांवरचे औषध कुत्र्याला अंदाजाने चोळणे हेही तितकेच घातक आहे.

निवडुंग

मांजराकाठ, वाघ्या वाचला हे वाचून फार बरे वाटले. पाकीट नेण्याची गोष्ट मी प्रथमच ऐकली. आता तो कसा आहे?

मांजराकाठ

उत्तम आहे. पुन्हा कधी झटका आला नाही. विष शरीरातून निघून गेल्यावर कायमच्या गोळ्यांची गरज नाही, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते.

शेवंती

आमच्या पॉमेरेनियनला बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात हे झाले. चार पिल्ले पीत होती, ती धापा टाकू लागली, पाय ताठ करून चालू लागली आणि नंतर आडवी पडून थरथरू लागली. रक्तातले कॅल्शियम उतरले होते. शिरेतून हळूहळू कॅल्शियम देताच तासाभरात उठून बसली. लहान जातीच्या, जास्त पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीला हा धोका मोठा असतो. आश्चर्य असे की गाभण असताना आपणहून भरपूर कॅल्शियम पाजल्याने धोका कमी न होता वाढतो, कारण हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची यंत्रणा मंदावते.

पशुवैद्य_रत्नागिरी

शेवंतीताईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे. याला जोडून, अगदी लहान जातीच्या पिल्लांनी काही तास खाल्ले नाही तरी साखर उतरून झटके येऊ शकतात. अशा पिल्लाच्या हिरड्यांना मधाचे बोट पुसून लगेच दवाखान्यात न्यावे; बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात साखरपाणी ओतू नये.

कृष्णाकमळ

माझ्याकडच्या रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार झाला होता. आधी डोळ्यांना आणि नाकाला चिकट स्राव, मग खोकला, आणि ते बरे होत आहे असे वाटत असतानाच जबडा असा हलू लागला जणू ते काही चघळते आहे. झोपेतही एक पाय ठरावीक तालात उडत राहायचा. पिल्लू वाचले नाही. लसीचा पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात आणि पुढचे डोस 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत, एवढे पाळले तर हा आजार टळतो. गल्लीतल्या पिल्लांना खाऊ घालणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की खाण्याइतकाच लसीचाही विचार करावा.

आजोळ

कृष्णाकमळ, फार वाईट वाटले. निदान शेवटचे दिवस ते एका घरात, कोणाच्या तरी मायेत राहिले.

विदर्भवासी

गोळ्यांबद्दल लिहितो, कारण खरी परीक्षा तिथे असते. आमच्या बीगलला 6 महिन्यांत दोनपेक्षा जास्त आकड्या आल्या, म्हणून डॉक्टरांनी फिनोबार्बिटोन सुरू केले. पहिले दोन आठवडे तो झिंगल्यासारखा चालायचा, मागचे पाय लटपटायचे, आणि घरातल्यांना वाटले की हा कुत्रा आता असाच राहणार. तसे झाले नाही. रक्तातली पातळी स्थिर झाल्यावर लटपट थांबली. राहिली ती भूक आणि तहान. कणकेचा गोळा, तव्यावरची भाकरी, देवापुढचा नैवेद्य, काहीही त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवता येत नाही, आणि रात्री एकदा तरी बाहेर न्यावेच लागते. डॉक्टर अधूनमधून रक्तातली औषधाची पातळी आणि यकृताची तपासणी करतात, कारण याच औषधाचा भार यकृतावर येतो. गोळी सकाळी 7 आणि संध्याकाळी 7, लग्न असो की प्रवास. औषध संपले म्हणून किंवा बरेच दिवस आकडी नाही म्हणून ते एकदम बंद करणे सर्वांत धोक्याचे. अचानक बंद केल्यानेच दीर्घ आकडी येऊ शकते. औषधाच्या दुकानात पशुवैद्याची चिठ्ठी पाहून नकार मिळण्याचा प्रसंग येतो, म्हणून साठा संपण्याच्या दोन आठवडे आधीच शोध सुरू करावा.

अटलांटिकपार

अमेरिकेतून लिहिते आहे. इथल्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये आयसोक्साझोलिन गटातल्या, म्हणजे फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सारोलेनर, लोटिलेनर या गोचीड-पिसवांच्या औषधांमुळे काही कुत्र्यांत थरथर आणि झटके दिसल्याची सूचना काढली. बहुतेक कुत्र्यांना ती औषधे सोसतात, पण ज्याला आकडीचा इतिहास आहे त्याच्या पालकांनी गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुसरे म्हणजे एमसीटी तेलाचा, म्हणजे मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांच्या तेलाचा आहार. गोळ्यांच्या जोडीला तो दिल्याने काही कुत्र्यांच्या आकड्या कमी झाल्याचे अभ्यासात दिसले आहे. मात्र आपले खोबरेल म्हणजे ते तेल नव्हे. खोबरेलात लॉरिक आम्ल जास्त असते आणि एमसीटी तेलात त्याहून लहान साखळीची आम्ले असतात. तिसरे, माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल ही गोडी घातलेली असते आणि ती कुत्र्यांची साखर धोकादायकरीत्या उतरवते, म्हणून बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय घरातले औषध देऊ नये.

दर्यावर्दी_मालवण

आमच्या कुत्रीला फिनोबार्बिटोनसोबत पोटॅशियम ब्रोमाइडही चालू आहे. याचा परिणाम पूर्ण दिसायला काही महिने लागतात. आहारातले मीठ वाढले की हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते आणि आकडी परतते, हे आम्हाला डॉक्टरांनी निक्षून सांगितले आहे. मालवणच्या घरात सुकी मासळी उघडी दिसणार, पाहुणे प्रेमाने तिला देणार, म्हणून आम्ही दारातच सांगून ठेवतो. तिच्यासाठी मीठ नुसते बंद करायचे नसते, तर रोज सारखेच ठेवायचे असते.

शेवंती

एक विचारायचे आहे. घरात दोन कुत्रे आहेत. एकाला आकडी आली की दुसरा त्याच्यावर धावून जातो. आम्ही फार घाबरून गेलो आहोत.

पशुवैद्य_रत्नागिरी

हे अनेक घरांत घडते. झटके देणारा सोबती त्याला ओळखीचा वाटत नाही. आकडी आलेल्याला हलवू नका. दुसऱ्याला खाऊ दाखवून वेगळ्या खोलीत न्या आणि पहिला पूर्ण शुद्धीवर येऊन नीट चालू लागेपर्यंत दोघांना एकत्र आणू नका. मुलांनाही तेवढा वेळ दूर ठेवा, कारण गोंधळलेल्या कुत्र्याला नीट दिसत नसताना कोणी अंगावर वाकले की तो दचकून चावू शकतो.

ओवी

आमच्या जर्मन शेफर्डला दोन औषधांनीही आराम पडला नाही. लेव्हेटिरासिटाम जोडले, ते दर 8 तासांनी द्यावे लागे, म्हणून घरात आईने रात्रीचा गजर स्वतःकडे घेतला. एकामागून एक आकड्यांची साखळी आली की डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेले डायझेपाम आम्ही गुदद्वारातून द्यायचो, आणि त्यामुळे रात्री-अपरात्री दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळायचा. शेवटच्या महिन्यात चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त झाले. त्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय आम्ही सर्वांनी मिळून, त्याच्या शेजारी बसून घेतला. काहींना हा निर्णय पटला नाही. ज्यांनी त्याची ती रात्र पाहिली, त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

विदर्भवासी

ओवी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. रात्रीचे गजर सांभाळणे किती अवघड असते ते आम्हाला माहीत आहे.

कृष्णाकमळ

पुढच्या महिन्यात गावी लग्न आहे आणि माझ्या आताच्या कुत्र्याला, ज्याला वर्षातून क्वचित आकडी येते, शेजारच्या वहिनींकडे ठेवायचे आहे. त्यांना काय काय लिहून देऊ?

निवडुंग

बंड्यासाठी मी एक कागद फ्रिजवर लावून जायचे. त्यावर औषधाचे नाव, किती गोळ्या आणि कोणत्या वेळी, एक गोळी चुकली तर कोणाला विचारायचे, कुत्र्याचे वजन, आमच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा दूरध्वनी, आणि मोठ्या अक्षरांत 'तोंडात हात घालू नका, घड्याळ पाहा, 5 मिनिटे झाली तर निघा' असे लिहिलेले असायचे. शेजारी तारखांची वही टांगलेली असायची, त्यात आकडीची वेळ, किती टिकली, त्या दिवशी फटाके, पाहुणे, उपासतापास असे काही वेगळे घडले का, हे लिहिता येईल. दोन-तीन दिवसांच्या जादा गोळ्याही ठेवून जा, परतीची गाडी चुकली तर लागतील. आणि निघण्यापूर्वी वहिनींना एकदा जुन्या आकडीचे चित्रण दाखवा, म्हणजे प्रत्यक्ष वेळ आली तर त्यांना ते दृश्य नवे वाटणार नाही.