अनुभव धागा: स्टुडिओतली खुली संध्याकाळ

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचपासून पुण्यातला आमचा स्टुडिओ सगळ्यांसाठी उघडा असतो. जागा एका जुन्या छापखान्याची. एका बाजूला कुंभाराची दोन चाकं, मधे लांब टेबलं, भिंतींना चिकटवलेले मोठे ब्राऊन पेपर आणि खिडकीशी सतरंजीवर शिवणाचं सामान. फी नाही, स्पर्धा नाही, प्रमाणपत्र नाही. आणि कुणाचं चित्र उचलून धरून सगळ्यांना दाखवायचं नाही, कौतुकाने सुद्धा नाही.

हा शेवटचा नियम आम्ही एडवर्ड ॲडम्सन या चित्रकाराकडून घेतला. १९४६ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या नेदर्न मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांसाठी स्टुडिओ चालवायला घेतला. ॲडम्सन शिकवत नसत, चित्राचा अर्थ लावत नसत, सुधारणा सुचवत नसत. साहित्य द्यायचं आणि तिथे हजर राहायचं, एवढंच. वर्षानुवर्षं भिंतीआड राहिलेल्या माणसांनी तिथे हजारो चित्रं काढली. त्यातली बरीच आज लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये जपलेली आहेत. हे नुसतं हजर राहणं आमच्या स्वयंसेवकांना सगळ्यात जड जातं. आपल्याकडे पाहुण्याला वाढायचं आणि पोराचं कौतुक करायचं, दोन्ही थांबता थांबत नाही.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आलाय, म्हणून हा धागा. आमच्याच स्टुडिओचा अनुभव हवा असं नाही. कुठेही, चार अनोळखी माणसांत बसून हाताने काही केलं असेल, तर त्या वेळी शरीराला, झोपेला, मनाला काय झालं ते लिहा. खटकलं तेही लिहा. नावं मात्र लिहू नका, दुसऱ्याचं तर नाहीच.

*

कोथरूड. बँकेतून निवृत्त.

पत्नी गेल्यावर मुलीने कपाट आवरलं, तेव्हा सुती पातळं मी कुणाला देऊ दिली नाहीत. त्यांचं करायचं काय, हे मात्र सुचत नव्हतं. एका शनिवारी दोन पातळं पिशवीत घालून स्टुडिओत आलो. सतरंजीवर भोरकडच्या एक मावशी शिवत बसल्या होत्या. कुणाची म्हणून त्यांनी विचारलं नाही. कापडावरून हात फिरवून म्हणाल्या, "चांगली धुऊन धुऊन मऊ झालीत. गोधडीला असंच लागतं, नव्या कापडात सुई अडती." मग थर अंथरले, चारी बाजू टाचल्या आणि कडेकडेने धावदोरा घालत आत यायला लागलो. अंगुस्तान बोटात घालायला त्यांनीच शिकवलं.

आमच्या पिढीच्या पुरुषाला समोर बसवून "कसं वाटतंय" विचारलं की "ठीक आहे" यापलीकडे काही निघत नाही. पण मान खाली, डोळे टाक्यावर आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी शिवतंय, अशा बसण्यात मी हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोललो. मुलीशी सुद्धा बोललो नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं. कुणी "रडू नका" म्हणालं नाही. मावशींनी दोऱ्याचं रीळ माझ्याकडे सरकवलं आणि शिवत राहिल्या. गोधडी अर्धी झाली आहे. ती लवकर संपावी असं मला मुळीच वाटत नाही.

*

सदाशिव पेठ. यजमानांना पार्किन्सन्स.

काकांचं वाचून लिहायचं धाडस करते. जरा मोठं होईल.

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथर तेवढी दिसते. आमच्याकडे आधी अक्षर गेलं. ओळ सुरू होताना बरं असायचं आणि शेवटाकडे इतकं बारीक व्हायचं की वाचता येईना. सही जुळत नाही म्हणून चेक परत आला, तेव्हा हे फार खचले. शाळेत फळ्यावर लिहिण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या माणसाने पेन हातात घेणंच सोडलं.

स्टुडिओत यांना टेबलाशी बसवलं नाही, भिंतीवरच्या कागदासमोर उभं केलं. हातात जाड कोळसा. सांगितलं एवढंच की मनगटाने नाही, खांद्यातून काढा. आडवी रेघ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि रेघ निघाली! या आजारात थरथर बहुतेकदा हात नुसता मांडीवर असताना जास्त असते आणि काही उचलायला गेलं की पुष्कळांची कमी होते. डॉक्टरांनी हे सांगितलेलं होतं, पण ते डोळ्यांनी दिसलं ते त्या भिंतीसमोर. हात कागदाकडे जाताना शांत व्हायचा. यांनी रेघा काढल्या, मग मोठाले गोल, मग 'अ'. पुरुषभर उंचीचा 'अ'.

त्यानंतर बारीक लिहिता यायला लागलं असं नाही. सही अजूनही जुळत नाही. पण घरी आल्यावर हे मला म्हणाले, "हात माझाच आहे अजून." मला तेवढं पुरतं.

दोन गोष्टी इतर घरांसाठी. औषधाचा असर असतो त्या वेळात न्या, डोस उतरत आलेला असताना नेलं तर माणूस ताटकळतो आणि हिरमुसतो. दुसरं दाराचं. चालता चालता उंबऱ्याशी किंवा अरुंद जागेत पाय जमिनीला खिळतात. पुढे ओढायचं नाही. जमिनीवर आडव्या रेघा असल्या की त्या ओलांडायला पाऊल उचललं जातं. स्टुडिओतल्या मुलींना हे सांगितलं, तर पुढच्या वेळी दारापासून भिंतीपर्यंत खडूच्या रेघा आखलेल्या होत्या. मी तिथेच त्या पोरींना जवळ घेतलं.

पुण्यात ऋषिकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवतात, हेही इथे सांगून ठेवते. ज्यांना चित्रात रस नाही त्यांनी तिकडे चौकशी करावी. या आजारात घरात बसणं सगळ्यात वाईट.

*

हिंजवडी.

माती. गेल्या वर्षी मला छातीत धडधड, हात गार पडणं, श्वास अडकणं असं मीटिंगच्या मधेच व्हायचं. ईसीजी नॉर्मल. नंतर कळलं की ते पॅनिक अटॅक होते. समुपदेशन चालू आहे, त्याच्या जोडीने चाक.

चाकावर माती मध्यावर आणायची असते. कोपर मांडीत रोवायचे, दोन्ही तळवे मातीवर आणि हलायचं नाही. माती ढकलत राहते, आपण जागा सोडायची नाही. घाई केली की गोळा डगमगतो, मनात ऑफिसचा ईमेल आला तरी डगमगतो. आणि हाताला चिखल असल्यामुळे फोन उचलता येत नाही! माझ्यासाठी निम्मं औषध तेच आहे. त्या रात्री झोप गाढ लागते.

माझी पहिली वाटी भट्टीत फुटली. वरून वाळली होती, बुडाशी ओल राहिली होती. ती कशी ओळखायची, कुणी सांगेल का?

*

हडपसर. मूळ फलटणकडचा, कुंभार.

ताई, भांडं गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत पाणी आहे, अजून ठेवायचं. ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होती आणि वाफेला वाट मिळाली नाही की भांडं फुटतं. बूड जाड ठेवू नका, वाटी पालथी घालून वाळवा.

मी त्या स्टुडिओत चाक शिकवतो. मानधन मिळतं आणि वेळेवर मिळतं, हे लिहायला पाहिजे, कारण बाकी ठिकाणी "अनुभव मिळेल" म्हणून बोलवत्यात. आमच्या घरात संक्रांतीची सुगडं, नवरात्राचे घट, पणत्या, उन्हाळ्याचे माठ. माठ चाकावर पुरा होत नाही. आत दगडी गोळा धरून बाहेरून फळीने थोपटून वाढवायचा. मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळायची. हे सगळं बापाने शिकवलं, पण त्याला कुणी कधी कलाकार म्हणलं नाही.

मातीने मन हलकं होतं असं तुम्ही लिहिता. खरं असंल. आम्हाला माती म्हणजे पोट. पाऊस लांबला, आवा म्हणजे आमची भट्टी भिजली, की हीच माती झोप उडवती. तरी एक सांगतो. तिथे एक डॉक्टरीण बाई माझ्यासमोर बसून शिकली आणि शेवटी म्हणाली, "दादा, हे तुम्ही किती वर्षं करताय?" असं कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन पोराला पहिल्यांदा सांगितलं, बस चाकावर. आधी मी त्याला बसू देत नव्हतो.

*

ठाणे.

मुलगा तिशीचा, स्किझोफ्रेनिया. तो फक्त रेल्वेचे रूळ काढतो. पानंच्या पानं रूळ, सांधे, सिग्नल. एका दुसऱ्या ठिकाणच्या कार्यक्रमात एक बाई त्याच्या चित्रावर वाकून म्हणाल्या, "एवढं काळं का? मनात काय आहे तुझ्या?" त्याने वही मिटली ती पुढचे कित्येक आठवडे उघडली नाही. ज्यांना अशा संध्याकाळी भरवायच्या आहेत त्यांनी कृपा करून हे लक्षात घ्या. काळा पेन त्याला आवडतो म्हणून ते काळं आहे. ॲडम्सन यांच्याबद्दल इथे वाचलं आणि फार बरं वाटलं.

त्याच्या गोळ्या चालू आहेत आणि चालू राहतील. चित्रामुळे गोळ्या सुटल्या अशा गोष्टी कुणी सांगायला आलं की मी उठून जाते.

*

स्टॉकपोर्ट, इंग्लंड.

मी राहते त्या गावात १९९४ पासून 'आर्ट्स ऑन प्रिस्क्रिप्शन', म्हणजे डॉक्टरांच्या सांगण्यावरून कलेच्या गटात जाणं, सुरू झालं, ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. बाळंतपणानंतर मला सतत रडू यायचं. इथे आई नाही, सासूबाई नाहीत, डिंकाचे लाडू कुरिअरने आलेले. डॉक्टरांनी तपासलं, औषधाचं बोलल्या आणि सोबत एका लिंक वर्करची गाठ घालून दिली. लिंक वर्कर म्हणजे माणसाला त्याच्या भागातल्या गटांशी जोडून देणारी व्यक्ती. बाग, गाणं, चित्रं, जे रुचेल ते.

मी चित्रांच्या गटात गेले. बाळाला कडेवर घेऊनच. पोलंडची एक आजी आणि मी शेजारी बसायचो. तिचं इंग्रजी तोडकं, माझ्या तोंडून त्या दिवसांत शब्दच फुटत नव्हता. मी ठिपके काढले, सात ते एक, आणि जोडत गेले. ती बघत राहिली, मग तिनेही ठिपके काढले. बाळ झाल्यापासून कुणीतरी मला बाळाबद्दल न विचारता माझ्याकडे पाहिलं, असं ते पहिल्यांदा झालं. भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असं काही लिहून मिळेल का? मिळायला हवं.

*

चिंचवड.

मला आवडलं नाही ते लिहितो. मी गेलो त्या दुसऱ्या एका जागी स्पीकरवर बासरी, कुणीतरी सारखे फोटो काढतंय आणि शेवटी गोल करून प्रत्येकाने "आज मला काय मिळालं" ते बोलायचं. मी नैराश्यातून उठून तिथवर पोचलो होतो. मला कोपऱ्यात बसून कागद रंगवायचा होता. दुसऱ्या दिवशी माझा फोटो त्यांच्या जाहिरातीत. परत गेलो नाही.

*

येरवडा.

दारू सोडलेली आहे. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होतो. अवचट स्वतः ओरिगामी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे, हे तिथे असताना ऐकलं आणि कागद हातात घेतला. संध्याकाळी सात ते नऊ ही माझी वाईट वेळ. त्या वेळात हात रिकामे ठेवत नाही. शनिवारी स्टुडिओत मुलांना पक्षी करून देतो. घडी चुकली तर कागद उलगडून परत घालायची.

*

पुणे. मानसिक आरोग्य क्षेत्रात समाजकार्य.

सगळं वाचलं. ठाण्याच्या ताईंनी लिहिलेलं प्रत्येक संयोजकाने वाचावं.

अभ्यास काय सांगतात तेही थोडक्यात. ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ जणांना ४५ मिनिटं हवं ते करू दिलं आणि आधी व नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरलं. आधी कलेचा सराव होता की नव्हता, याने विशेष फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण 'मला चित्र येत नाही' म्हणून दारातून परत जाणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात आजार टाळणं, उपचारांना साथ देणं आणि सांभाळ करणाऱ्यांना आधार, या सगळ्यांत कलेचा उपयोग नोंदवला आहे. साथ, हा शब्द महत्त्वाचा. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर शनिवारची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

आणि सांभाळ करणाऱ्यांनी रुग्णाला सोडायला येऊन बाहेर गाडीत बसू नये. आत या. तुमच्यासाठी वेगळा कागद आहे.

*

स्टुडिओकडून

चिंचवडच्या दादांसाठी: आमच्याकडे फोटो काढत नाही, फोन दाराशी टोपलीत ठेवतो. शेवटी बोलायची सक्ती नाही, निरोप न घेता गेलात तरी चालतं. कोपरा आहे, खिडकीजवळचा, तिथे पाठीला भिंत मिळते.

विचारणा झाली म्हणून: व्हीलचेअरसाठी मागच्या दाराने उतार आहे. लहान बाळ आणलं तर चालेल, पाळणा बांधता येतो. कुंभारदादा पहिल्या आणि तिसऱ्या तासाला चाकावर असतात, मधे त्यांचा चहा असतो, तेव्हा त्यांना प्रश्न विचारू नका.

माती आणि कागद पुरेसे आहेत. गोधडीच्या जाड सुया कमी पडताहेत, कुणाच्या घरी पडून असतील तर आणा. जुनी सुती पातळं आणि धोतरंही चालतील, फक्त धुऊन आणा.