एमएस्सी केमिस्ट्रीनंतर एलएलबी: हजेरी आणि ज्युनिअरशिपबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय आणि अन्न-पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आमच्या एका रिपोर्टसाठी मला कोर्टात साक्षीला जावं लागलं. उलटतपासणीत वकिलांनी माझ्या रसायनशास्त्राला हातही लावला नाही. बाटली आली तेव्हा सील शाबूत होतं का, सीलवरचा नंबर आणि पत्रातला नंबर एकच होता का, मधले दिवस नमुना कोणाच्या ताब्यात होता, एवढंच विचारत राहिले. प्रश्न रास्त होते. तेव्हापासून फौजदारी वकिली करायचं मनात पक्कं आहे.

पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबी, त्यासाठीची महाराष्ट्राची सीईटी, पदवीला खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के, मग सनद (वकिलीचा परवाना) आणि ऑल इंडिया बार परीक्षा, हे सगळं माहीत आहे. प्रश्न पुढचे आहेत.

बार कौन्सिलच्या (वकिलीचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) नियमांप्रमाणे ७० टक्के हजेरी लागते. माझी नोकरी दिवसभराची. "हजेरीचं बघता येतं" असं काहीजण सांगतात, पण मला तसं करायचं नाही. वर्गात बसून शिकायचंय. सकाळची कॉलेजं आणि दुपारची शिफ्ट असं कोणी खरंच निभावलंय का? शेवटच्या वर्षी मूट कोर्ट (सरावाचे खटले) आणि इंटर्नशिप असताना नोकरी टिकली का?

सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, म्हणजे घर ज्युनिअरशिपवरच, सिनिअर वकिलाच्या हाताखाली काम करून, चालवायचं. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड सुचवलाय, पण तो बंधनकारक नाही. जिल्हा न्यायालयात प्रत्यक्षात काय हातात पडतं? किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून उतरावं?

पेटंट एजंट (इतरांच्या शोधांसाठी पेटंटचे अर्ज करणारी) हो, असा सल्ला सगळे देतात. विज्ञानाच्या पदवीवर ती परीक्षा देता येते, एलएलबी लागतही नाही. काम चांगलंच आहे, पण मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून प्रश्न विचारायचेत.

फौजदारी बाजूच्या सिनिअर मंडळींना खास विचारते: लॅबचा रिपोर्ट ओळीन् ओळ वाचू शकणारी, पण वयाने तिशी ओलांडलेली ज्युनिअर तुम्ही ऑफिसात घ्याल का? घेतलीत तर पहिल्या वर्षी तिच्याकडून काय अपेक्षा ठेवाल?