लिनक्सचं शटडाऊन: एकच पॉइंटर पुरे होता?

उद्यमबागवाला
परवा इथं कुणीतरी लिहिलंय, "मशीन बंद करायला एक पीएम_पॉवर_ऑफ पॉइंटर पुरे होता, 2022 ला लिनक्स कर्नल 5.19 मध्ये सिस-ऑफ हँडलर आणून उगाच पसारा मांडला." वाचून राहवेना. तो पॉइंटर म्हणजे मशीन बंद करणाऱ्या फंक्शनचा पत्ता, आणि तो ग्लोबल, साऱ्या कर्नलला मिळून एकच. शेवटी जो ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहील त्याचंच चालणार. आमच्या फौंड्रीतल्या गेटवे बोर्डावर दोन ड्रायव्हर त्याच पॉइंटरवर लिहीत होते. संध्याकाळी बंद केलेला बोर्ड, सकाळी हात लावला तर हीटसिंक गरम, बॅटरी रिकामी. चार दिवस गेले शोधायला.

निपाणीकर
पटलं नाही ओ. पॉइंटर मागं पडला आणि हँडलरांची, म्हणजे बंद करणाऱ्या फंक्शनांची, रांग लावणारे आकडे आले; मोठा आकडा आधी. रीस्टार्ट हँडलरला तर ते आधीपासूनच आहेत, 128 नेहमीचा, 255 सगळ्यात वरचा. वॉचडॉगवाल्याला (अडकलेलं मशीन रीसेट करणारा टायमर) आपलाच रीसेट खरा वाटतो, पीएमआयसीवाल्याला (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) आपला. भांडण होतं तिथंच आहे की.

उद्यमबागवाला
भांडण आहे, पण आता रांग तरी दिसते! पहिल्यानं काम नाही केलं तर दुसऱ्याला संधी मिळते.

खानापूरची
तुम्ही दोघं आकडे मोजत बसा. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा तुमचा कुठला हँडलर चालतो? डेअरीच्या वजनकाट्याचं मेमरी कार्ड दोनदा खराब झालंय. पहाटे पाचला दूधवाले कॅन घेऊन रांगेत, आणि मी वहीत लिटर लिहितेय.

उद्यमबागवाला
ताई, तो विषय वेगळा.

खानापूरची
वेगळा कसा? ज्याच्या दारात रांग असते त्याला विचारा.

निपाणीकर
यूपीएस लावा, ताई.

खानापूरची
लावलाय, दादा. बॅटरी उतरल्याचं बोर्डला कळवणारी सिग्नलची वायर असलेला, घरचे नको म्हणत असताना. आता बॅटरी उतरली की बोर्ड नीट बंद होतो. पण बंद होता होता लाईट परत आली तर यूपीएसचा पुरवठा तुटतच नाही, बोर्ड तसाच बंद. रात्री दोनला बटण दाबायला कोण जाणार?

उद्यमबागवाला
अहो, मग विषय तोच निघाला! बंद व्हायच्या आधी यूपीएसला सांगायचं, 'पुरवठा तोड, लाईट आली की परत दे.' असलं काम पॉवर-ऑफच्या प्रिपेअर, म्हणजे तयारीच्या, टप्प्यात बसतं, तिथं हँडलरला थांबता येतं. शेवटच्या टप्प्यात झोपायची, म्हणजे कशाची वाट बघत थांबायची, सोय नाही. जुन्या पद्धतीत तयारीसाठी वेगळा पॉइंटर होता, पण तोही एकच, ग्लोबल.

निपाणीकर
टप्प्यांचं मान्य. आकड्यांचं नाही म्हणजे नाही.

खानापूरची
ते टप्प्याचं नीट लिहून पाठवा मला. आज परत आभाळ भरलंय.